दुसऱ्यांचे कट उसवून पाहताना : डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती

आवडत्या अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिकेतील दृश्ये आवडत्या गाण्यावर बसवून फॅन व्हिडिओ करू पाहणाऱ्या नवशिक्याने आधी इतरांचे उत्तम व्हिडिओ फ्रेमगणिक उसवून पाहावेत, असे माझे मत आहे; आणि या अभ्यासासाठी ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीच्या डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ-संपादन सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरेशी, किंबहुना गरजेपेक्षा जास्तच आहे.

तिच्यातील सर्वांत उपयोगी सोय म्हणजे ‘सीन कट डिटेक्शन’. तयार व्हिडिओवर ती चालवली, की जिथे जिथे दृश्य बदलते, म्हणजे कट पडतो, तिथे आलेखात हिरवी उभी रेघ उमटते. पडद्यावर पांढरा झोत चमकला तरी तिला तो कटच वाटतो, त्यामुळे अशा रेघा हाताने काढाव्या लागतात. मग गाणे ऐकत प्रत्येक ठोक्यावर ‘एम’ दाबून खूण करावी आणि कट व खुणा ताडून पाहाव्यात. गोव्यात फोंडा-साखळीकडे भजनाच्या ठेक्यावर कान तयार झालेल्यांना सम पकडणे जड जात नाही. मात्रेगणिक कट मारण्याचा मोहही, माझ्या मते, त्यांनाच अधिक होतो. जाणकारांच्या कामात मात्र कट अनेकदा ठोक्याच्या एक-दोन फ्रेम आधीच पडलेला आढळतो, आणि कधी कधी तो नसतोच : पात्राची तलवार खाली येते, तोच ठोका. बाणाच्या कळीने एकेक फ्रेम सरकवल्याशिवाय हे ध्यानात येत नाही.

फ्रेम-रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, मात्र आधीच ठरवावा. मिनिटाला १२० ठोक्यांचे गाणे आणि सेकंदाला २४ फ्रेम असतील, तर एका ठोक्याला नेमक्या १२ फ्रेम येतात. २५ फ्रेम घेतल्या, तर साडेबारा होतात आणि अर्धी फ्रेम कापता येत नाही. प्रकल्पात व्हिडिओ आणल्यावर रिझॉल्व्ह हा आकडा बदलू देत नाही. मोबाइलच्या स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये हा वेग कमी-जास्त होत राहतो, म्हणून ते आधी हँडब्रेक या व्हिडिओ-रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर करून घ्यावे, अन्यथा खुणा हळूहळू घसरू लागतात.

उणीव एवढीच, की हे सॉफ्टवेअर जड आहे. १६ जीबी रॅमपेक्षा कमी असलेल्या जुन्या लॅपटॉपवर ते अडखळते, आणि त्याचे मेनू मराठीत नाहीत. काम आपोआप जतन करणारे ‘लाइव्ह सेव्ह’ मात्र चालूच ठेवावे, कारण आपल्याकडे जून-जुलैत वीज कधी जाईल याचा नेम नसतो.