‘डॉक्टरची गाडी, सिंगल हँड’: जुन्या ऑक्टाव्हियाच्या सौद्यात अडीच लाख कसे बुडाले

जाहिरात अशी होती: स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय, २०१५ चं मॉडेल, दिल्ली पासिंग, फर्स्ट ओनर, ५१ हजार किलोमीटर, नॉन-अॅक्सिडेंटल, डॉक्टरची गाडी, सिंगल हँड, एनओसी तयार. किंमत सहा लाख नव्वद हजार. नव्या हॅचबॅकच्या पैशात १८० पीएस ताकद आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क म्हटल्यावर वेगाची हौस असलेला माणूस थांबणारच. पिंपरी-चिंचवडच्या एका खरेदीदाराने ती गाडी एका कार बाजारातून, म्हणजे जुन्या गाड्यांच्या डीलरकडून, घेतली. ‘दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय’ म्हणून पन्नास हजारांचं टोकन घाईघाईने दिलं आणि बाकीचे पैसे दोन दिवसांत. महिनाभराने एका चढावर गिअरचा आकडा लुकलुकू लागला, गाडी आपोआप न्यूट्रलमध्ये गेली आणि टो करून न्यावी लागली. मेकॅट्रॉनिक (गिअरबॉक्समधलं गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) आणि क्लच मिळून एस्टिमेट अडीच लाखांच्या वर गेलं. त्याच वेळी लावलेल्या स्कॅनरने आणखी एक गोष्ट दाखवली: ही गाडी किमान १ लाख ३८ हजार किलोमीटर पळालेली आहे.

इथे विकणाऱ्याने फार मोठी हुशारी केलेली नव्हती. त्याने खोटं फक्त तिथेच पेरलं जिथे गिऱ्हाईक बघतं. गाडीने किती आणि कसे दिवस काढले याची नोंद अनेक ठिकाणी राहते. त्या नोंदी एकमेकींशी जुळतात का, एवढंच बघायचं असतं, आणि तेवढंच या सौद्यात कोणी बघितलं नाही.

आधी मीटर. डिजिटल मीटर मागे करता येत नाही हा जुना गैरसमज. लॅपटॉप आणि केबल असली की ते अर्ध्या तासाचं काम आहे. पण मागे केला जातो तो डॅशबोर्डच्या क्लस्टरमधला आकडा. या पिढीच्या ऑक्टाव्हियात इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग, पार्किंग सेन्सर अशा प्रत्येकाचं वेगळं कंट्रोल युनिट असतं, आणि एखादा बिघाड नोंदवताना ते त्या क्षणाचे किलोमीटरही सोबत लिहून ठेवतं. या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सचे एरर पुसलेले होते, पार्किंग सेन्सरचा एक जुना एरर राहून गेला होता. त्याच्या शेजारी १,३८,४२० हा आकडा होता आणि मीटर दाखवत होता ५१ हजार. या नोंदी वाचायला व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हनसारखं फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांचं स्कॅनर लागतं. हजार रुपयांच्या ब्लूटूथ डोंगलला त्या दिसत नाहीत.

तरी ते स्वस्त डोंगल जवळ ठेवाच, त्याचा उपयोग वेगळा आहे. बहुतेक ॲपमध्ये ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ आणि ‘कोड पुसल्यापासून इंजिन किती वेळा गरम झालं’ असे दोन आकडे मिळतात. तिथे १२ किलोमीटर आणि दोन वेळा असं दिसलं, तर गाडी दाखवायला काढण्याआधी कोणीतरी एरर साफ केलेत. कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर वगैरेंच्या स्वयंचाचण्या ‘अपूर्ण’ दिसत असतील तरी तेच समजा. नवी बॅटरी बसवली म्हणून असं झालं, हे उत्तर ठरलेलं असतं. मग म्हणायचं, शंभर-दीडशे किलोमीटर चालवा, पुढच्या आठवड्यात परत स्कॅन करू. प्रामाणिक माणूस याला हरकत घेत नाही.

‘डॉक्टरची गाडी’ हे तर आरसी बुक उघडल्यावरच कोसळलं असतं. मालक म्हणून गुरुग्रामच्या एका कंपनीचं नाव होतं. फर्स्ट ओनर ही गोष्ट कागदावर खरीच होती, पण कंपनीची गाडी रोज वेगळा ड्रायव्हर चालवतो आणि तिचे वर्षाला पंचवीस-तीस हजार किलोमीटर सहज होतात. स्कोडाचा सर्व्हिसचा काळ १५ हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असा आहे. चेसिस नंबर देऊन अधिकृत वर्कशॉपकडून सर्व्हिसचा इतिहास काढता येतो. मालकाची संमती लागली तर विकणाऱ्यालाच ती मिळवून द्यायला सांगा. त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ हा इतिहास नव्हे, त्यातला आकडा कोणीही बदलू शकतो.

आता गिअरबॉक्स, कारण खरा पैसा तिथे जातो. या गाडीत डीक्यू२०० हा सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आहे आणि त्याची टॉर्कची मर्यादा २५० न्यूटन-मीटर. इंजिनही तेवढाच टॉर्क देतं, म्हणजे कारखान्यातून निघतानाच शिल्लक शून्य. क्लचभोवती तेल नसल्याने बंपर-टू-बंपर ट्रॅफिकमधली उष्णता लवकर बाहेर जात नाही, प्लेट झिजतात आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गाडी थरथरते. दुसरा आजार मेकॅट्रॉनिकचा. त्यात दाब साठवणारा ॲक्युम्युलेटर जिथे बसतो त्या भागाला तडा जातो, हायड्रॉलिक तेल गळतं, पंप सतत चालत राहतो आणि शेवटी पी१७बीएफ हा कोड येऊन ड्राइव्ह जाते. विकणाऱ्याने कोड पुसला तरी तडा तिथेच राहतो. पिंपरीच्या गाडीत नेमकं हेच झालं.

ट्रायलमध्ये हे का कळलं नाही? कारण ट्रायल सकाळी सात वाजता, मोकळ्या बायपासवर, दहा मिनिटांची दिली गेली. इंजिन मात्र आधीच सुरू करून गरम केलेलं. खरी तपासणी याच्या उलट क्रमाने होते: इंजिन थंड असताना बघायचं आणि गिअरबॉक्स तापल्यावर. गेल्यावर आधी बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर सरळ दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होताना टायमिंग चेन खडखडते का, हे पहिल्या दोन-तीन सेकंदांतच ऐकू येतं. निळा धूर मात्र काही मिनिटं आयडलला ठेवून ॲक्सिलरेटर दाबला की दिसतो. गिअरबॉक्ससाठी निदान अर्धा तास गर्दीतच चालवा. त्यानंतर पार्किंगच्या रॅम्पवर ब्रेक सोडून गाडी आपोआप पुढे सरकते का बघा आणि त्याच चढावर रिव्हर्समध्ये घ्या. झटका, थरथर किंवा गिअर पडायला लागलेला वेळ, यांतलं काहीही दिसलं तर क्लचचा खर्च किमतीतून वजा करून बोला. मेकॅट्रॉनिकची शंका असेल तर बोलूच नका.

याहून वाईट म्हणजे रिमॅप केलेली, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली गाडी. हेच इंजिन सॉफ्टवेअरने सव्वादोनशे पीएसच्या वर जातं, टॉर्क तीनशेच्या पुढे जातो आणि २५० च्या गिअरबॉक्सवर तो सगळा भार येतो. विकताना मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं जातं, पण झिजलेला क्लच परत येत नाही. हातांच्या खुणा बघाव्या लागतात: एअर फिल्टर बॉक्सचे स्क्रू ओरबाडलेले, इनटेक पाइपचे क्लिप बदललेले, डाउनपाइपचे नट इतरांपेक्षा नवे, स्पार्क प्लग कंपनीने दिलेल्यांपेक्षा वेगळ्या हीट रेंजचे. स्पोर्टी गाडी हौशी माणसाने घेतलेली असते, आणि हौशी माणूस सहसा गाडी आहे तशी ठेवत नाही. यात त्याचा गुन्हा नाही, लपवणं हा गुन्हा.

पत्र्याचं काम त्यामानाने सोपं. पेंटची जाडी मोजणारा गेज भाड्याने मिळतो. कारखान्याचा रंग साधारण ९० ते १४० मायक्रॉन भरतो, अडीचशेच्या वर गेला तर पुन्हा रंगवलेला, पाचशेच्या वर गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली. एक दरवाजा रंगवला म्हणून गाडी वाईट होत नाही. छत, पिलर किंवा बॉनेटखालचा एप्रन यांवर आकडा वाढला की तिथून निघा. मडगार्ड आणि बॉनेटच्या बोल्टवरचा रंग पान्याने उडालेला आहे का, काचांवरच्या तारखा गाडीच्या वर्षाशी जुळतात का, हेही बघा. टायरवरचा शेवटचा चार अंकी आकडा आठवडा आणि वर्ष सांगतो: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

पाणी लागलेल्या गाड्यांबद्दल थोडं जास्त सावध राहा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, २०२१ मध्ये चिपळूण बुडालं. अशा पुरात विमा कंपनी ज्या गाड्या टोटल लॉस ठरवते त्या लिलावात जातात आणि त्यांतल्या काही पॉलिश होऊन लांबच्या शहरात विकायला उभ्या राहतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, न दिसणाऱ्या टोकाशी चिखलाची रेघ राहते. कार्पेटखालचा फोम, स्टेपनीचा खड्डा, सीटच्या रुळांचे बोल्ट आणि वायरिंगच्या कनेक्टरवरचा हिरवा थर बघा. एअरबॅगच्या युनिटला पाणी लागलं तर ते महिन्यांनीही दगा देतं.

कागदांत या खरेदीदाराला दोन फटके बसले. एनओसी (गाडी दुसरीकडे नोंदवायला लागणारं ना-हरकत प्रमाणपत्र) पुणे आरटीओच्या नावाची होती आणि तो राहतो पिंपरी-चिंचवडला, जिथलं कार्यालय वेगळं आहे. नमुना २८ ची एनओसी जिथे नोंदणी करायची त्याच आरटीओच्या नावाने लागते, म्हणून परत दिल्लीला फेरा. शिवाय महाराष्ट्राचा रोड टॅक्स गाडीच्या वयानुसार भरावाच लागतो. जाहिरातीतल्या ‘दिल्लीच्या स्वस्त किमतीत’ तो धरलेला नसतो. दुसरा फटका जीएसटीचा. बाजारवाल्याने पूर्ण किमतीवर १८ टक्के वेगळे लावायचा प्रयत्न केला आणि शेवटी ‘अर्धे द्या’ म्हणून काही रक्कम उकळलीच. नोंदणीकृत डीलरला जुन्या गाडीवर जीएसटी लागतो तो त्याच्या नफ्यावर, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या किमतीतल्या फरकावर. नोंदणी नसलेल्या खासगी मालकाने गाडी विकली तर काहीच लागत नाही.

तिसरी गोष्ट विम्याची, आणि ती फुकट मिळणारा पुरावा असूनही फार कमी लोक वापरतात. पॉलिसीवर नो क्लेम बोनस लिहिलेला असतो: २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशा पायऱ्यांनी तो चढतो आणि क्लेम झाला की शून्यावर येतो. एकाच मालकाकडे सात वर्षं असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर बोनस शून्य असेल, तर आधीच्या वर्षी क्लेम झालेला असण्याचीच शक्यता जास्त. मग ‘नॉन-अॅक्सिडेंटल’ कशाच्या जोरावर? मागच्या तीन वर्षांच्या पॉलिसी मागा. गाडी घेतल्यावर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करायचा अर्ज द्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून कर्जाची नोंद, थकलेली चलनं, फिटनेसची मुदत आणि कितवा मालक हे टोकन देण्याआधीच तपासा. बँकेचं नाव दिसलं तर कर्जाची नोंद काढायचा नमुना ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे नकोत. मालकी बदलाच्या नमुना २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या आधीच घेतलेला कोरा संच दाखवणारा दलाल सौदा पटकन उरकतो खरा, पण त्या सह्या कोणाच्या हे तुम्हाला माहीत नसतं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्राधिकार प्रमाणपत्र लागतं. ते दाखवायला सांगा.

मग मध्यम बजेटमध्ये घ्यावं काय? आमच्या मते पहिली अट गिअरबॉक्सची. स्कोडा लॉरा व्हीआरएसला १.८ टीएसआय १६० पीएस इंजिन आणि सहा गिअरचा मॅन्युअल मिळतो, डीएसजीची भीती नाही. मात्र त्या पिढीच्या इंजिनात ऑइल रिंग तुंबून तेल जळतं आणि जुन्या नमुन्याचा चेन टेन्शनर निसटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त तेल लागत असेल तर नाद सोडा. टेन्शनर बदललाय का, हे टायमिंग कव्हरवरचं रबरी बूच काढून मेकॅनिक बघू शकतो. २०१३ च्या पोलो जीटी टीएसआयचा टॉर्क १७५ न्यूटन-मीटर असल्याने त्याच डीक्यू२०० चा क्लच तिथे जास्त टिकतो, मेकॅट्रॉनिकची जोखीम मात्र तीच. २०२० च्या १.० टीएसआय ऑटोमॅटिक पोलोत डीएसजीऐवजी टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स आहे, तो शांत पर्याय. २०१७ च्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसचा सहा गिअरचा डीएसजी तेलातल्या क्लचचा आहे, दर ६० हजारांना तेल बदलल्याची बिलं मिळाली तरच घ्या. कुठलीही घ्या, किमतीचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. जुनी झाल्यावर गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही.

फसल्यावर काय करायचं हे विकणारा कोण त्यावर ठरतं. डीलर असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला शुल्क दोनशे रुपये आहे. स्वतःची एकच गाडी विकणाऱ्या खासगी मालकाविरुद्ध आयोगाचा रस्ता सहसा चालत नाही. तिथे दिवाणी दावा किंवा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची पोलीस तक्रार. ‘गाडी जशी आहे तशी घेतली’ असं करारात लिहिलेलं असतं आणि त्याच आडोशाला विकणारा उभा राहतो. म्हणून सही करण्याआधी त्याच कागदावर मीटरचं रीडिंग, ते खरं असल्याची विकणाऱ्याची हमी आणि अपघात-पूर झाला नसल्याचं त्याचं विधान लिहून घ्या. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि चॅट जपा. आणि बिघाड झालाच, तर वर्कशॉपने काहीही खोलण्याआधी चेसिस नंबर आणि तारखेसह पूर्ण स्कॅनची प्रत काढून घ्या आणि काढलेला जुना मेकॅट्रॉनिक वर्कशॉपमध्ये सोडून येऊ नका.