इंदूरमध्ये एमएसडब्ल्यू करताना : तीन सेमिस्टरनंतरचा अनुभव

चौथं सेमिस्टर सुरू झालंय आणि प्रबंधाचा विषयही मंजूर झालाय. एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला (मास्टर ऑफ सोशल वर्क) प्रवेश घ्यावा का, असं विचारणारे फोन दर उन्हाळ्यात येतात. कधी रामबागेतल्या काकू भाचीसाठी विचारतात, कधी नागपूर-अमरावतीकडचं कुणी ओळख काढून फोन करतं. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवते.

माझं कॉलेज कोणतं ते लिहीत नाही, कारण मला बोलायचंय ते अभ्यासक्रमाबद्दल. इंदूरला या विषयाची परंपरा जुनी आहे. इंदूर स्कूल ऑफ सोशल वर्क 1951 पासून इथे आहे, आणि देवी अहिल्या विद्यापीठाशी संलग्न इतर कॉलेजांतही हा कोर्स चालतो. दोन वर्षं, चार सेमिस्टर. बीए, बीकॉम, बीएससी कुठूनही येता येतं. माझ्या वर्गात रसायनशास्त्रवाले आहेत, बँकेची नोकरी सोडून आलेली एक ताई आहे, आणि धारहून आलेला, त्याच्या घरातला पहिला पदवीधर असलेला मुलगा आहे. तो आमच्या वर्गात फिल्डवर्कला सगळ्यात तयार आहे.

या पदवीचा जीव फिल्डवर्कमध्ये आहे, त्यामुळे त्याबद्दलच जास्त लिहिते. आठवड्यातले दोन दिवस वर्ग नसतात, तुम्ही संस्थेत किंवा वस्तीत असता. सुरुवातीला ओळखभेटी होतात. बाणगंगेचं मानसिक रुग्णालय, कस्तुरबाग्राम, बालगृह, संकटातल्या महिलांसाठीचं वन स्टॉप सेंटर अशी ठिकाणं आम्ही पाहिली. मग प्रत्येकाला एक जागा ठरवून मिळते आणि सेमिस्टरभर तिथेच काम करायचं. दर खेपेची लेखी नोंद ठेवायची, ती फिल्डवर्कच्या शिक्षकांना द्यायची आणि आठवड्याला एकदा त्यांच्यासमोर बसून त्यावर बोलायचं. याला सगळे ‘आयसी’ म्हणतात, म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. गटाने बसायचं ते ‘जीसी’.

ही नोंद लिहिणं हीच मुख्य विद्या आहे, असं आता मी ठामपणे म्हणते. ‘रुग्णाशी चर्चा केली, त्याला औषधाचे महत्त्व समजावले, त्याने होकार दिला’ अशी नोंद आमच्या मॅडम परत करतात. कोण काय बोललं, कोणत्या शब्दांत, मध्ये कोण आलं, कोण उठून गेलं, तुम्ही तो प्रश्न त्याच वेळी का विचारला, हे सगळं त्यांना हवं असतं.

एक केस सांगते, ओळख पटेल असे तपशील वगळून. दुसऱ्या सेमिस्टरला मी एका आरोग्य केंद्रात होते. अलीराजपूरकडून बांधकामावर आलेला एक तरुण, क्षयरोगाचं निदान झालेलं, औषधं मध्येच थांबवलेली. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. गोळ्या मध्येच सोडल्या की जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो. हे त्याला केंद्रात सांगून झालं होतं, त्याला पाठही होतं. मी साइटवरच्या त्याच्या झोपडीत गेले तेव्हा तो म्हणाला, “गोली खाके पाड़ पे चढ़ूँ तो चक्कर आते हैं, दीदी.” पाड़ म्हणजे परांची. लघवी नारंगी झाल्यामुळेही तो घाबरला होता. तो त्या औषधातल्या रिफाम्पिसिनचा नेहमीचा परिणाम आहे, त्याने अपाय होत नाही. पण हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

हे सगळं मी नोंदीत लिहिलं. सोबत एक ओळ अशीही होती : ‘बायको दाराशी बसून होती, गोळ्यांचं पाकीट तिच्या पदराच्या गाठीत.’ आयसीत मॅडमनी तेवढ्याच ओळीखाली रेघ ओढली आणि विचारलं, “हिच्याशी कधी बोलणार?” पुढची सगळी दिशा त्या एका प्रश्नाने ठरली. बायकोशी बोलल्यावर कळलं की सकाळी चूल पेटायच्या आत मुकादम हाक मारतो, त्यामुळे गोळ्या उपाशीपोटीच घेतल्या जात होत्या. डॉक्टरांना विचारून वेळ बदलून घेतली, रात्रीच्या भाकरीनंतरची ठरवली आणि जबाबदारी तिच्याकडे दिली. क्षयरुग्णांना पोषणासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे सरकारी पैसे, जे नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 500 चे 1000 रुपये झाले, ते गावच्या बँकेतलं खातं बंद पडल्यामुळे येत नव्हते. ते खातं सुरू करून घेणं हेही समाजकार्यातच मोडतं. होळीला, भगोरिया या आदिवासी जत्रेच्या दिवसांत, ही माणसं गावी जातात. तेव्हा निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत त्याची नोंद गावाकडच्या केंद्राकडे वळवून घेतली, म्हणजे औषध तिकडे मिळेल. वर्गात आम्ही अमेरिकन समाजकार्य-अभ्यासक हेलन पर्लमन यांचे चार ‘पी’ शिकलो होतो : माणूस (पर्सन), समस्या (प्रॉब्लेम), जागा (प्लेस, म्हणजे मदत देणारी संस्था) आणि प्रक्रिया (प्रोसेस). परीक्षेत त्यावर पानभर उत्तर लिहिता येतं. पण ‘समस्या’ या शब्दात परांची, चूल आणि मुकादमाची हाक येते, हे मला त्या झोपडीत कळलं.

आता थिअरीबद्दल. विषय भरपूर आहेत : व्यक्तिसहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, संशोधन, सामाजिक कृती, शिवाय मानसशास्त्र, कायदे आणि संख्याशास्त्र. कायद्यांचा पेपर सगळ्यांनी मनापासून करावा. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, 2012 चा बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पोक्सो, 2015 चा बालन्याय कायदा, 2016 चा दिव्यांग हक्क कायदा हे फिल्डवर रोज लागतात. पोक्सोमध्ये गुन्ह्याची माहिती असून ती पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा ठरतो, हे बालकांबरोबर काम करायला जाणाऱ्याला पहिल्या दिवशीच माहीत असायला हवं.

व्यक्तिसहाय्याची बीस्टेक या अभ्यासकाने मांडलेली सात तत्त्वं तोंडपाठ होतात. त्यातलं एक म्हणजे समोरच्याचा स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याचा हक्क. यावर आमच्या वर्गात सगळ्यात जोरदार वाद झाला तो इंदूरच्या भिक्षुकमुक्त मोहिमेवरून. जानेवारी 2025 पासून इथे भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवायचं प्रशासनाने जाहीर केलं. लहान मुलांना सिग्नलवरून उचलून शाळेत घालणं याला कुणाचाच विरोध नव्हता. पण मुलाने घराबाहेर काढलेली, देवळाच्या पायरीवर बसणारी म्हातारी निवारागृहात जायला नको म्हणते, तेव्हा समाजकार्यकर्त्याने काय करायचं? माझं मत असं की आधी तिच्याशी चार दिवस बोलायचं, ‘नको’चं कारण समजून घ्यायचं, आणि गाडी नंतर आणायची. सगळ्यांना हे पटलं नाही. आमच्या सरांनी दोन्ही बाजूंना तासभर भांडू दिलं. असा तास ज्या कॉलेजात होतो, तिथे फी वसूल झाली असं मी समजते.

एक गोष्ट मात्र खटकते. आमचा समाजकार्याच्या इतिहासाचा पेपर इंग्लंडच्या 1601 च्या गरिबांच्या कायद्यापासून सुरू होतो, शिकागोच्या गरीब वस्तीतल्या 1889 च्या हल हाऊस या सेवाकेंद्रावरून मुंबईच्या 1936 च्या टाटा स्कूलवर (आजची टिस) येतो आणि तिथून पुढे जातो. जोतीराव-सावित्रीबाईंनी विधवांसाठी चालवलेलं बालहत्या प्रतिबंधक गृह दोन ओळींत संपतं. इंदूरचं तर नावही येत नाही. इथे 1917-18 मध्ये स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस होळकर दरबारासाठी नगररचनेचा अहवाल तयार करत होते. शहर प्लेगने हैराण होतं. त्यांनी दिवाळीची अशी मिरवणूक काढली की जे मोहल्ले सर्वात स्वच्छ त्यांच्यातून ती जाणार. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर आणि घाणीचा राक्षसही होता. लोकांनी घरं, गल्ल्या झाडून काढल्या. समुदाय संघटनाचं याहून जिवंत उदाहरण कोणतं देणार? ज्या गल्ल्यांतून आम्ही फिल्डवर्कला जातो, तिथलीच ही गोष्ट आहे. पहिल्या सेमिस्टरला हे शिकवायलाच हवं.

तिसऱ्या सेमिस्टरला मला वस्ती मिळाली, परदेशीपुऱ्याच्या बाजूची, जुन्या गिरणी कामगारांची. हुकुमचंद मिल बंद पडून तीस वर्षं उलटल्यावर डिसेंबर 2023 मध्ये कामगारांच्या थकबाकीचे सुमारे 224 कोटी रुपये मोकळे झाले. तोवर कितीतरी कामगार वारले होते. मग वारसाचे कागद, नावातला एका अक्षराचा फरक, मुंबईला गेलेल्या मुलाची सही, ही सगळी धावपळ घरच्या बायकांच्या वाट्याला आली. इथे मध्य प्रदेशात कुठल्याही योजनेला समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा कुटुंब-सदस्य ओळख क्रमांक लागतो, आणि तो आधारशी जुळला नाही की माणूस अडकतो. मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायची बैठक असते. आधी मी सोबत जायची, मग एका आजींनीच पुढाकार घेतला आणि गल्लीतल्या बाकीच्या बायकांना त्या घेऊन जाऊ लागल्या. त्यांचा अर्ज लिहायची पद्धत माझ्यापेक्षा चांगली आहे, कारण त्या पहिल्या ओळीतच काय हवंय ते सांगतात.

ग्रामीण शिबिराबद्दल थोडक्यात. आम्ही झाबुआकडे गेलो. रांगोळी, चुना आणि बिया घेऊन गावकऱ्यांनी अंगणात गावाचा नकाशा काढला. पुरुषांनी रस्ता आणि शाळेपासून सुरुवात केली, बायकांनी पाण्यापासून. कोणता हातपंप कोणत्या महिन्यात आटतो, हे फक्त बायकांच्या नकाशात होतं. शिबिरात जेवणाचे हाल होतात आणि झोप कमी मिळते, तरी टाळू नका.

तक्रारी आहेत, त्या स्पष्ट लिहिते. एका संस्थेत आमच्यातल्या काहींना महिनोन्महिने फॉर्म संगणकात भरायला बसवलं आणि कार्यक्रमात फोटो काढायला उभं केलं. शिकवणारं कुणी नाही. कॉलेजाने हे वेळीच पाहायला हवं होतं. येण्याजाण्याचा खर्च स्वतःच्या खिशातून होतो. जे विद्यार्थी बाहेरगावचे आहेत आणि भाड्याने राहतात, त्यांना तो जड जातो. हिंदी माध्यमाची पुस्तकं इंग्रजीवरून इतकी ओढूनताणून केलेली आहेत की मूळ इंग्रजी वाचणं सोपं जावं. आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे दिवसभर लोकांची दुःखं ऐकून आलेल्या बावीस वर्षांच्या मुलीने रात्री ते कुणाजवळ बोलायचं, याची काही सोय नाही. चांगले शिक्षक आयसीत ते सांभाळतात. पण हे शिक्षकाच्या स्वभावावर सोडून चालणार नाही.

नोकरीचं विचाराल तर नोकऱ्या आहेत. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्ता, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, वन स्टॉप सेंटर, कौटुंबिक न्यायालयातलं समुपदेशन, संस्थांचे प्रकल्प आणि कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभाग. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, त्यामुळे ही शेवटची वाट रुंद झाली आहे. सरकारी योजनांतल्या बहुतेक जागा मात्र कंत्राटी असतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. वकिलांची बार कौन्सिल असते, तशी समाजकार्यकर्त्यांची स्वतःची वैधानिक परिषद देशात नाही. 2021 च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोसामाजिक क्षेत्रातल्या समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला, तेवढी एक चांगली गोष्ट घडली. कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा द्यावी लागते. मानसिक आरोग्यात खोलवर जायचं असेल तर बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेतलं पुढचं शिक्षण डोळ्यांसमोर ठेवा.

दूरस्थ पद्धतीने, म्हणजे इग्नू या मुक्त विद्यापीठातूनही एमएसडब्ल्यू करता येतं आणि त्यातही फिल्डवर्क असतं. नोकरी करणाऱ्यांना तो मार्ग सोयीचा आहे. पण वेळ काढता येत असेल तर मी नियमित कोर्सच सुचवीन, कारण आठवड्याच्या आठवड्याला समोर बसून नोंदीवर बोलणारा शिक्षक हेच या पदवीतलं खरं देणं आहे.

म्हणून प्रवेशाआधी कॉलेजची इमारत, प्लेसमेंटचा तक्ता हे बघालच, पण त्यासोबत एक काम करा. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा आणि त्याची फिल्डवर्कची वही बघायला मागा. लोकांची नावं असलेली पानं तो दाखवणार नाही, दाखवूही नयेत. समासात शिक्षकाच्या अक्षरातले प्रश्न आहेत का, तेवढंच बघा. पानापानावर नुसती सही आणि तारीख दिसली, तर दुसऱ्या कॉलेजात चौकशी करा.