जुन्या सी++ लायब्ररीसोबत क्लँग कितपत नांदतो?

लिनक्सवर वेगळे सांगितले नाही तर क्लँग हा सी++ कंपायलर मशीनवरच्या जीसीसी या दुसऱ्या कंपायलरचीच स्टँडर्ड लायब्ररी, लिबस्टडसी++, उचलतो, आणि अनेक आवृत्त्या असतील तर सर्वांत नवी. म्हणून चाचणीची सुरुवात ‘क्लँग++ -व्ही’ने करावी. ‘सिलेक्टेड जीसीसी इन्स्टॉलेशन’पुढे हवी ती आवृत्ती नसेल, तर पुढचे सगळे निकाल फुकट. ‘--जीसीसी-टूलचेन’ हा पर्याय दिला तरी त्या फोल्डरखाली निवड क्लँगच करतो. क्लँगच्या आवृत्ती १६ पासून मिळालेल्या ‘--जीसीसी-इन्स्टॉल-डिर’ने मात्र नेमकी जागा बांधता येते.

हेडर फाइलींच्या बाबतीत हा कंपायलर भलताच सोशिक आहे. जुन्या ‘पेअर’, ‘अ‍ॅरे’, ‘स्टॅक’ यांच्या ‘स्वॅप’मधला नोएक्सेप्टचा (‘एक्सेप्शन फेकणार नाही’ या खुणेचा) घोळ पचवायला त्याच्या कोडमध्ये खास पळवाट ठेवली आहे. तरी जीसीसी ४.८ च्या हेडरवर सी++१४ लावले की ‘गेट्स’ सापडत नाही म्हणून अडतो. नव्या ग्लिबसीने (लिनक्सवरच्या सी लायब्ररीने) ते फंक्शन सी++१४ पासून लपवले, जुनी हेडर फाइल ते अजून मागते. (दोष क्लँगचा नाही, शिव्या त्यालाच बसतात.) सी++११ वर उतरले की प्रश्न मिटतो. तसेही स्टँडर्ड स्पष्ट लिहावेच: क्लँग १६ पासून न सांगता सी++१७ लागू होते, आणि ‘रजिस्टर’ किंवा ‘थ्रो’ची यादी असलेला जुना कोड तिथेच एरर देतो.

खरी डोकेदुखी लिंकिंगची, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे एकत्र जोडण्याची. २०१५ च्या जीसीसी ५.१ ने स्ट्रिंग आणि लिस्टचा एबीआय (कंपाइल झालेल्या कोडमधली त्यांची मांडणी आणि नावे) बदलला. त्याआधी बांधलेली लायब्ररी नव्या कोडला जोडली की ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतो आणि नावात ‘सीएक्सएक्स११’ दिसते. सगळ्या फाइलींना ‘_जीएलआयबीसीएक्सएक्स_यूज_सीएक्सएक्स११_एबीआय=०’ हा मॅक्रो द्या, एखाद-दोन फाइलींना देऊन भागत नाही. नवा एबीआय हवा असेल तर क्लँग किमान ३.९ लागतो, त्याआधीच्यांना एबीआय टॅग (नावातली ‘सीएक्सएक्स११’सारखी खूण) कळत नाहीत.

सगळे बिनबोभाट कंपाइल झाले तरी प्रोग्राम चालवून पाहाच. जीसीसी ४.८ मधले ‘रेजेक्स’ (मजकुरात पॅटर्न शोधण्याची सोय) अर्धवट आहे: कंपाइल होते, लिंक होते आणि साध्या पॅटर्नवरही ‘रेजेक्स_एरर’ फेकते. ४.९ मध्ये ते नीट झाले. तेव्हा फक्त कोड तपासणाऱ्या ‘-एफसिंटॅक्स-ओन्ली’च्या हिरव्या निकालावर सुसंगततेचा शिक्का मारू नये.