काळं रान घ्यावं की मुरमाड?

नदीकडेचं तीन-चार फूट खोल काळं रान, आणि त्याच गावात माळाला लागून असलेलं, दीड फूट मातीखाली मुरूम लागणारं रान. कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात बागायतीसाठी जमीन बघणाऱ्यापुढे बहुतेक वेळा हीच जोडी येते. पाणी दोन्हीकडे पोचतंय असं धरू. भाव अर्थात काळ्याचा चढा. घरातली जुनी माणसंही तिकडंच बोट दाखवतात, कारण त्यांनी ती जमीन पावसावर पिकताना पाहिलेली असते. नुसत्या ओलीवर शाळू येतो तो तिथंच. पण जिरायतीत जो गुण, तोच पाटाचं पाणी आल्यावर अंगाशी येऊ शकतो.

आधी काळ्याची जमेची बाजू. मीटरभर खोल भारी मातीत पिकाला घेता येईल असं साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी मावतं. दीड फूट मुरमाड रानात ५०-६० मिलिमीटर, फार तर. एप्रिलात ऊस दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी ओढतो आणि साठा निम्मा झाला की पाणी द्यावं लागतं. म्हणजे काळ्या रानाला दोन आठवड्यांनी पाळी आली तरी भागतं, मुरमाडाला चौथ्या-पाचव्या दिवशी हवी. तुमचं पाणी कॅनॉलच्या पाळीवर असेल आणि शेततळं-ठिबक जमणार नसेल, तर मुरमाड रानाचा विचार इथंच सोडा.

आता निचरा. मला विचाराल तर खरा निकाल इथं लागतो. काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी खाली उतरायचं जवळपास थांबतं. वाफसा लवकर येत नाही. वर्षानुवर्षं मोकाट पाणी देत गेलं की खालची पातळी वर येते, रान चिबडतं. उन्हाळ्यात तेच पाणी क्षार घेऊन वर चढतं आणि पांढरा थर दिसू लागतो. हे आजचं नाही. बारामतीकडच्या नीरा डाव्या कालव्याला १८८५ च्या सुमारास पाणी आलं आणि काही दशकांतच तिथल्या भारी जमिनी बिघडू लागल्या. सांगलीजवळ कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र आजही याच दुखण्यावर काम करतं.

मुरमाड रानाला हा घोर नाही. जास्तीचं पाणी खाली निघून जातं, मुळांना हवा मिळते. तासगावकडे द्राक्षं अशाच हलक्या-मध्यम रानांत उभी आहेत. दोष आहेतच. खत पाण्याबरोबर वाहून जातं, म्हणून थोडं थोडं, वरचेवर द्यावं लागतं. मे महिन्यात दोन दिवस वीज गेली की बाग माना टाकते. आणि मुरूम म्हणजे कुदळीनं फुटणारा मऊ मुरूम हवा. खाली सलग कातळ असेल तर ते रान फुकटातही घेऊ नका.

मग ठरवायचं कसं? मृद आरोग्य पत्रिका दाखवून कुणी ‘जमीन चांगली आहे’ म्हटलं तर पत्रिका बाजूला ठेवा. तिचा नमुना वरच्या १५ सेंटिमीटरचा. तुमचा प्रश्न त्याच्या खालचा. जेसीबीनं चार फुटांचा खड्डा घ्या आणि दर फुटाची माती वेगळी तपासायला द्या. सामू (pH) ८.५ च्या आत असून क्षारता मीटरला ४ डेसिसायमनच्या वर गेली, तर जमीन खारवट. निचरा असेल तर क्षार धुऊन निघतात. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं, सोडियम १५ टक्क्यांहून जास्त असेल तर चोपण. ती पावसात लोण्यासारखी आणि उन्हात विटेसारखी. जिप्समनं सुधारते म्हणतात, पण सुटं झालेलं सोडियम वाहून जायला वाट नसेल तर जिप्समचा पैसा मातीतच राहतो. विहिरीचं पाणीही सोबत तपासा.

खड्डा पाण्यानं भरून रात्रभर मुरू द्या, सकाळी पुन्हा भरा. तासात बोटभरही उतरलं नाही तर समजून जा. शेजारच्या विहिरीत पाणी किती हातांवर आहे तेही बघा, आणि शक्यतो दिवाळीच्या आसपास. दलाल रान दाखवतो ते मे महिन्यात, तेव्हा सगळंच कोरडं ठणठणीत असतं.

दोन्ही रानं तपासणीत सारखी उतरली तर मी मुरमाडाकडे झुकेन. त्याची उणीव गाळ भरून, ठिबक टाकून आपल्या बांधाच्या आत भरून काढता येते. काळ्या रानात निचऱ्याचे सच्छिद्र पाइप चार फुटांवर गाडले तरी ते पाणी ओढ्यापर्यंत न्यायला शेजाऱ्यांची रानं ओलांडावी लागतात, आणि त्यातला एक जरी आडवा गेला तर चर तिथंच थांबते. काळं रानच घ्यायचं असेल तर ओढ्याला लागून असलेलं, उताराचं घ्या. त्याला दोन पैसे जास्त मोजले तरी चालतील.