कुत्री माजावर येते तेव्हा: राखण की नसबंदी?

रावेर-यावलकडे मळ्यावर कुत्री असतेच. ती साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि माज तीनेक आठवडे चालतो. राखायचं ठरवलं तर हे सगळे दिवस राखावं लागतं. लोक लालभडक रक्त दिसतं तोवर जपतात आणि ते फिकं पडलं की सोडतात. खरा धोका तिथेच आहे, कारण साधारण नवव्या दिवसानंतरच ती कुत्र्याला जवळ येऊ देते. केळीच्या बागेला कुंपण असलं तरी गावातले कुत्रे तारेखालची माती उकरून आत शिरतात. मग 63 दिवसांच्या आसपास पिलं! कोंडायचं असेल तर मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत मुळीच नको, उष्माघाताने जीव जाईल.

नसबंदीत भूल देऊन अंडाशय आणि बहुधा गर्भाशयही काढतात. दहा-बारा दिवस टाके चाटू द्यायचे नाहीत. पुढे वजन वाढू शकतं, म्हणून भाकरी बेतानं. काहींची लघवी गळते, हेही खरं. पण गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो. नसबंदी न केलेली कुत्री माजानंतर महिना-दोन महिन्यांत फार पाणी पिऊ लागली, खाईना झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पिलांना खात्रीची घरं नसतील तर मी नसबंदीच सांगेन. माज चालू असताना मात्र नको, रक्तस्राव जास्त होतो. माज संपल्यावर दोन-तीन महिने थांबा. मोठ्या जातीची असेल तर योग्य वय डॉक्टरांनाच विचारा.