पांढऱ्या शेपटीचा ससा आणि पेठेतले फ्रेमचे दुकान

माझी भाची अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात राहते. तिथल्या गवताळ माळावर तिने एकाच जातीच्या सशाची दोन छायाचित्रे टिपली, एक उन्हाळ्यातले आणि दुसरे बर्फातले, आणि ती दोन्ही मी गेल्या महिन्यात सदाशिव पेठेतील एका लहानशा दुकानातून मॅट कागदावर छापून, काच लावून फ्रेम करून घेतली. एकूण ५,२०० रुपये झाले.

हा ससा म्हणजे व्हाइट-टेल्ड जॅकरॅबिट. अमेरिकेच्या पश्चिम भागाचा शोध घ्यायला निघालेली लुइस आणि क्लार्क यांची मोहीम मिसुरी नदीने वर जात असताना १४ सप्टेंबर १८०४ रोजी, आजच्या साउथ डकोटाच्याच हद्दीत, त्यांच्यातील शील्ड्स याने एक ससा मारला. तो रोडावलेला असूनही त्याचे वजन सव्वासहा पौंड, म्हणजे सुमारे २.८ किलो भरले आणि कान ६ इंच लांब व ३ इंच रुंद निघाले, अशी नोंद आहे. लुइसने तर तीनच दिवसांनी एका सशाची उडी मोजली, ती २१ फूट! ‘लेपस टाउनसेंडी’ हे शास्त्रीय नाव मात्र त्याला १८३९ साली निसर्गअभ्यासक बाखमन यांनी दिले. उन्हाळ्यात करडा-तपकिरी असणारा हा ससा उत्तरेकडे हिवाळ्यात जवळजवळ पांढरा होतो, कानांची टोके तेवढी काळी राहतात. शेपटी बाराही महिने पांढरी.

छपाईत खरी कसोटी होती ती बर्फातल्या चित्राची. पहिल्या प्रिंटमध्ये बर्फावर निळसर झाक आली होती आणि सशाची पाठ बर्फातच विरघळली होती, त्यामुळे लांबून पाहिले तर कोऱ्या कागदावर कानांचे दोन काळे ठिपके तेवढे दिसत. मशीनवरची आपोआप होणारी रंगदुरुस्ती बंद करून छापलेल्या दुसऱ्या प्रिंटमध्ये मात्र मानेवरचे केसही सुटे दिसू लागले. हे काम दुकानातल्या तरुण मुलाने कंटाळा न करता केले, हे मुद्दाम नमूद करतो.

तक्रार आहे ती माउंटची, म्हणजे चित्राभोवती लावायच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची. उन्हाळ्यातल्या चित्राचा माउंट कापताना कारागिराने डावीकडून अर्धा इंच जास्त आत घेतला आणि नेमकी शेपटी झाकली. मी ते दाखवले, तेव्हा मालक म्हणाले, “काका, ससा तर पूर्ण दिसतोय की, शेपटीचं एवढं काय?” आपल्याकडे सुप्याच्या माळावर दिसणाऱ्या सशाची शेपटी वरून काळी असते, आणि या सशाला तर नावच शेपटीवरून पडले आहे, हे सांगितल्यावर ते हसले आणि जादा पैसे न घेता नवा माउंट कापून दिला, मात्र त्यासाठी आणखी नऊ दिवस आणि तीन हेलपाटे पडले.

फ्रेमची सागवानी पट्टी उत्तम आहे, कोपऱ्यांचे जोड नखालाही लागत नाहीत. चाचणी प्रिंट हे दुकान विनामूल्य देते, पण आपण मागितल्याशिवाय देत नाही. आणि माउंट कापण्याआधी कुठवर कापायचे याची पेन्सिलीची खूण समोर उभे राहून करून घ्यावी लागते.