हायकूवर लायब्रऱ्या पोर्ट करताना: काही महिन्यांचा अनुभव आणि ते एक उणे चिन्ह

हायकू म्हणजे बीओएस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा वारसा चालवणारी मुक्त सिस्टिम, तिचं काम 2001 पासून चाललंय. दुसऱ्या सिस्टिमसाठी लिहिलेला कोड तिच्यावर चालेल असा करणं, म्हणजे पोर्ट करणं, हा माझा उद्योग. मी बीटा 5 ची 64-बिट आवृत्ती जुन्या लॅपटॉपवर वापरतोय. नव्या मशीनवर पैसे घालायचे नव्हते आणि आता गरजही वाटत नाही, इतकं हे चपळ चालतं.

लिहायला बसलो ते परवाच्या प्रकारामुळे. सी भाषेतली एक छोटी लायब्ररी बिनतक्रार कंपाइल झाली. पण तिच्यावर चालणारा प्रोग्राम अस्तित्वातच नसलेली फाइल ‘उघडून’ पुढे निघून गेला!

कारण एररनो, म्हणजे काय चुकलं ते सांगणारा क्रमांक. लिनक्सवर त्याचे आकडे धन असतात. ‘फाइल नाही’ म्हणजे 2. म्हणून लेखक सर्रास उणे एररनो परत करतात आणि बोलावणारा कोड ‘शून्यापेक्षा कमी आहे का’ एवढंच बघतो. हायकूवर हे आकडे मुळातच ऋण आहेत. त्यांना उणे लावलं की ते धन होतात आणि अपयश यश म्हणून खपतं. कंपायलर चकार शब्द काढत नाही.

याच्यापुढे बाकीच्या अडचणी किरकोळ आहेत. गणिताची लायब्ररी वेगळी नाही, थ्रेडची नाही, सगळं लिबरूट या हायकूच्या मूळ लायब्ररीमध्ये. मेकफाइलमधलं (बांधणीच्या सूचनांच्या फाइलमधलं) गणिताची लायब्ररी जोडणारं ‘-एलएम’ काढायचं. सॉकेट असतील तर ‘-एलनेटवर्क’ जोडायचं. पोर्ट बांधणाऱ्या हायकूपोर्टर या साधनाची रेसिपी (बांधणीची कृती) म्हणजे साधी बॅश स्क्रिप्टची फाइल, एका बैठकीत समजते.

ऋण आकड्यांवर मी बरेच दिवस चिडून होतो. पॉसिक्स, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीचं मानक, स्पष्टपणे धन आकडे मागतं. 32-बिटवर बीओएसचे जुने प्रोग्राम चालवायचे असतात, हे मान्य. 64-बिटवर तर तेही ओझं नाही. मग हा हट्ट कशाला? पण हायकूचा स्वतःचा एपीआय (प्रोग्रामांसाठीचा फंक्शनसंच) वापरायला लागलो आणि मत थोडं बदललं. तिथे एकच फंक्शन वाचलेले बाइट किंवा ऋण चूक-क्रमांक परत करतं, आणि पॉसिक्सचे क्रमांकही तेच. आतून बघितलं तर रचना एकसंध आहे. त्रास बाहेरून येणाऱ्या कोडला होतो. त्यासाठी आकडे धन करून देणारा ‘पॉसिक्स एरर मॅपर’ आहे, पण लायब्ररी आणि तिचा वापर करणारा कोड दोन्ही त्याच पद्धतीने बांधावे लागतात. एक जरी सुटला तरी गोंधळ परत सुरू. म्हणून मी मूळ कोडच दुरुस्त करतो आणि पॅच मूळ लेखकांकडे पाठवतो.

पॅकेज व्यवस्थेबद्दलही मत पालटलं. सिस्टिमचे फोल्डर फक्त वाचता येतात, याचा सुरुवातीला वैताग यायचा. पण एकदा अपडेटनंतर काहीतरी बिघडलं, तेव्हा बूट मेनूतून आधीची अवस्था निवडली आणि मशीन जसंच्या तसं परत उभं राहिलं. तेव्हापासून तक्रार नाही.

आणि एवढा खटाटोप कशासाठी, तर मराठीसाठी. स्टाइल्डएडिट या मजकूर-संपादकासारख्या हायकूच्या मूळ प्रोग्राममध्ये जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे पडतात. क्यूटी या खिडक्या-बटणं पुरवणाऱ्या लायब्ररीवरचे पोर्ट केलेले प्रोग्राम मात्र अक्षरजुळणीचं काम हार्फबझसारख्या लायब्ररीकडून करून घेतात, म्हणून तिथे ‘ज्ञानेश्वरी’ अगदी नीट उमटते. ते बघून मला मनापासून आनंद झाला.

नव्याने पोर्ट करणाऱ्यांनी रेसिपी लिहिण्याआधी सोर्समध्ये ‘-एररनो’ आणि ‘-ई’ने सुरू होणारे क्रमांक शोधावेत. पुढची डोकेदुखी किती, ते तिथेच कळतं.